बाईच्या टाक्यालाही नफरी हवी

लग्नसराई जवळ आली की बायकांच्या बैठकांमध्ये एक जुना विषय नव्याने निघतो, लग्नातल्या खर्चाचा. सत्यशोधक समाजाने १८७३ पासून साध्या विवाहाची वाट दाखवली. नोंदणी लग्न, मानपानाला नकार, आहेराऐवजी पुस्तके, हे सारे आपण चळवळीत जपत आलो. पण आपल्याच वस्तीतल्या, आपल्याच शिबिरांना येणाऱ्या मुली मोबाईलवर मखमली लेहेंग्यांची चित्रे एकमेकींना दाखवत असतात. गर्द लाल, बाटलीहिरवा, जांभळा, आणि अंगभर कलाबुतीचे भरतकाम. शालू किंवा पैठणी अनेक घरांत आता विधीपुरती उरली आहे. स्वागत समारंभाला मखमल हवी असते आणि नवऱ्या मुलालाही त्याच रंगाची शेरवानी. बस्ता बांधायला गेलेल्या बापाच्या कपाळावरच्या आठ्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत.

या चर्चेत आपल्याला दोनच माणसे दिसतात: नटणारी मुलगी आणि पैसे मोजणारा बाप. तिसरे माणूस कुणाच्या लक्षात येत नाही. ती असते त्या मखमलीवर टाके घालणारी बाई. लग्नाच्या खर्चावर भाषण करताना आपण तिला विसरतो, आणि दुकानात 'हातचे काम आहे, म्हणून इतकी किंमत' असे ऐकतो तेव्हाही तो हात कुणाचा हे विचारत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. या बाईला कलाकार म्हणून कौतुक नको आहे आणि गरीब म्हणून मदतही नको आहे. तिला कामगार म्हणून मान्यता हवी आहे. ती मिळवून देण्यासाठी लागणारे कायदे, निकाल आणि लढ्यांचे अनुभव आपल्याकडे आहेत. ते तिच्यापर्यंत नेण्याचे काम स्त्री-संघटनांनी हाती घ्यायला हवे.

मखमलीवरचे काम

बाजारात ज्याला 'हँडवर्क' म्हणतात ते बहुतेक वेळा जरदोजीचे काम असते. फारसीत 'जर' म्हणजे सोने आणि 'दोजी' म्हणजे शिवणे. लखनौ, बरेली, उन्नाव, बदायूँ, फरुखाबाद, आग्रा ही या कामाची मोठी ठाणी. आपल्या मुंबईतही धारावी, गोवंडी, मदनपुरा, कुर्ला या भागांत उत्तर प्रदेश, बिहार आणि बंगालमधून आलेल्या कारागिरांचे जरीचे कारखाने आहेत. कारखाना म्हणजे बहुधा माळ्यावरची एक खोली.

पूर्वी या कामात खऱ्या सोन्या-चांदीची तार असे. आता तांब्याच्या तारेवरचा मुलामा असतो, नाहीतर निव्वळ प्लास्टिकची चमक. मखमलही रेशमाची राहिली नाही, बहुतेक पॉलिएस्टरची असते. कापड स्वस्त झाले, जर स्वस्त झाली. त्यामुळे अशा पोशाखाच्या किमतीत मोलाचे म्हणावे असे उरते ते माणसाच्या हाताचे काम. त्या हाताला काय मिळते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे.

काम कसे चालते ते पाहू. आधी नक्षी पातळ कागदावर काढतात आणि रेघांवरून सुईने भोके पाडतात. हा झाला खाका. कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवतात. तिला अड्डा किंवा कारचोब म्हणतात. कापडावर खाका ठेवून वरून रंग पुसला की नक्षी खाली उतरते. फिकट कापडावर निळीने भागते, गर्द मखमलीवर मात्र पांढरी पूड लागते. काम करताना हात घासला की ती पुसली जाते. मग टोकाला आकडा असलेली आरी घेऊन, वरून खुपसून, खालचा दोरा वर ओढत टाके घालायचे. सलमा आणि दबका म्हणजे स्प्रिंगसारख्या वळवलेल्या बारीक तारा. त्यांचे कणाकणाएवढे तुकडे कापून सुईने मण्यासारखे एकेक ओवायचे आणि शिवायचे. शिवाय सितारे, कटदाणे, मोती.

यात मखमल हे सर्वांत त्रासाचे कापड. तिला लव असते. टाका त्या लवेत बुडतो, म्हणून खाली दोऱ्याचा किंवा पुठ्ठ्याचा थर देऊन नक्षी उचलून घ्यावी लागते. कापड जाड, त्यामुळे सुई ओढताना बोटे दुखतात. साध्या कापडावर टाका चुकला तर उसवून पुन्हा घालता येतो. मखमलीवर उसवले तर भोक दिसते आणि दबलेली लव पुन्हा नीट उभी राहत नाही. चूक झाली की अख्खा तुकडा वाया जाण्याची भीती. आणि रंग गर्द, त्यामुळे डोळ्यांना ताण सर्वांत जास्त. दहा बाय बाराच्या खोलीत, दिवसाही दिवा लावून, मान खाली घालून हे काम तासन् तास करणाऱ्या बायकांच्या माना, पाठी आणि डोळे पाहिले की त्यांचे वय चुकीचे सांगितले गेले असे वाटते.

नफरी आणि नग

मुंबईतल्या जरीच्या कारखान्यांत 'नफरी' हा शब्द रोजच्या वापरातला आहे. एक नफरी म्हणजे आठ तासांचे काम. बारा तास बसला तर दीड नफरी. आठवड्याच्या किंवा महिन्याच्या शेवटी किती नफऱ्या भरल्या ते मोजून कारागिराला पैसे मिळतात. तिथेही सारे आलबेल आहे असे नाही. कारागीर त्याच खोलीत झोपतात, जेवतात, दिवसाला दीड-दोन नफऱ्या ओढतात आणि पैसे थकतात. पण एक गोष्ट तिथे मान्य झालेली आहे. कामाला वेळ लागतो आणि वेळेला दाम असतो.

हेच काम घरी, बाईच्या हातात आले की नफरी नाहीशी होते. तिला मिळतो नग. ओढणीच्या किनारीचे इतके, बाहीच्या जोडीचे इतके, एका बुट्ट्याचे इतके. किती वेळ लागला हे विचारण्याचे कुणाला कारण नाही. सामान तोलून मिळते आणि कमी भरले तर पैसे कापतात. सुई, दोरा, विजेचे बिल तिचेच. जागाही तिचीच. रात्री अड्डा भिंतीला उभा करून ठेवतात तेव्हा कुठे मुलांना झोपायला जमीन मिळते. तुकडा नापास झाला तर केलेले काम फुकट. सीझन संपला की काम बंद, आणि पैसे 'शेठकडून आले की देतो'.

परंपरेने जरदोजी हे पुरुषांचे काम मानले गेले. लखनौमध्ये चिकनचे भरतकाम मुख्यतः बायकांचे, आणि जरदोजी उस्ताद नि शागिर्दांची. बायका या कामात मोठ्या संख्येने आल्या त्या घरातून, नगावर. एकच आरी, तोच अड्डा, तीच मखमल. पण तो 'कारागीर' किंवा 'उस्ताद', आणि ती 'हातकाम करणारी'. कित्येक घरांत तर काम नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर येते आणि पैसेही त्यांच्याच हातात पडतात.

मी मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये काम करते. बायकांना 'या कामाला दिवसाचे किती तास जातात?' असे विचारले की बहुतेकींचे उत्तर एकच: "ऐसे ही, बैठे-बैठे करते हैं." मग आम्ही वेगळ्या रीतीने विचारतो. पाणी भरून झाल्यावर बसलात ते स्वयंपाकाला उठेपर्यंत किती? दुपारी मुले शाळेतून येईपर्यंत किती? रात्री सगळे झोपल्यावर किती? ही बेरीज त्यांनीच बोटांवर केली की सहा, सात, कधी आठ तास निघतात. म्हणजे पुरी नफरी. ती तुकड्यातुकड्यांत विभागलेली असते, एवढाच फरक.

२०१९ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले इथल्या अभ्यासकांनी भारतातल्या १,४५२ घरबसल्या कपडा-कामगारांच्या मुलाखतींवर आधारलेला अहवाल प्रसिद्ध केला. भरतकाम, मणीकाम, गोंडे, बटणे अशी कामे करणाऱ्या या कामगारांत जवळजवळ सगळ्या स्त्रिया आणि मुली होत्या, बहुतेक मुसलमान किंवा दलित-मागास समाजांतल्या. बहुतेकींचे काम परदेशी निर्यातीचे होते. त्यांना ताशी सरासरी १५ सेंट मिळत होते, त्या वेळच्या दराने साधारण १० ते ११ रुपये. आठ तासांचे झाले ८० ते ९० रुपये. त्याआधी २०१७ साली केंद्र सरकारने किमान वेतनाची राष्ट्रीय तळपातळी रोजची १७६ रुपये ठरवली होती. आपल्या देशात याहून खाली मजुरी जाऊ नये असे ज्या रकमेविषयी सांगितले गेले, तिच्या निम्म्यावर या बाया काम करत होत्या. निर्यातीच्या मालावर निदान परदेशी ग्राहक आणि वृत्तपत्रे प्रश्न विचारतात. आपल्याकडच्या लग्नाच्या बाजारात तर तेही कुणी विचारत नाही.

'फावला वेळ' नावाची सोय

इतक्या कमी दराने काम कसे काय करून घेता येते? त्याला दोन-तीन गोड शब्दांचा आधार आहे. पहिला शब्द 'फावला वेळ'. बाई घरीच असते, तिला वेळ असतो, चार पैसे मिळाले तर वाईट काय? ज्या बाईचा दिवस पहाटे पाण्याच्या रांगेत सुरू होतो आणि रात्री शेवटची भांडी घासून संपतो, तिचा फावला वेळ कोणता? तो तिच्या झोपेतून काढलेला वेळ असतो.

दुसरा शब्द 'कला'. बाईच्या हातात कला असते, असे म्हटले की मजुरीचे बोलणे जरा हलके वाटू लागते. कलेचे मोल पैशात कसे करणार? दुकानदार मात्र ते अचूक करतो, आणि चिठ्ठीवर छापतो.

तिसरा शब्द 'जोडधंदा', आणि याविषयी आम्हा समाजकार्य करणाऱ्यांशी मला थोडे बोलायचे आहे. समाजकार्याच्या शिक्षणात 'उत्पन्नवाढ उपक्रम' हा एक ठराविक धडा असतो. संस्था वस्तीत भरतकामाचे वर्ग काढतात, प्रमाणपत्रे वाटतात, अहवालात इतक्या महिला स्वावलंबी झाल्या असे लिहितात. वर्ग संपल्यावर या बायका कुणाकडून काम आणतात, काय दराने आणतात, याचा पाठपुरावा फारसा होत नाही. दराचा प्रश्न न विचारता दिलेले प्रशिक्षण म्हणजे ठेकेदाराला फुकटात तयार करून दिलेले हात. प्रशिक्षण देऊ नये असे मी म्हणत नाही. त्या वर्गात पहिल्या दिवशी आरी धरायला शिकवावी आणि दुसऱ्या दिवशी तासांचा हिशेब धरायला.

आणखी एक गोष्ट. यातल्या अनेकींना घराबाहेर पडून काम करण्याची मुभा नसते. बाहेर जायचे नाही हे तिला घरचे सांगतात, आणि त्याचा फायदा घेऊन ठेकेदार भाव पाडतो. दुसरीकडे काय दर चालला आहे हे तिला कळत नाही, ती चार जणींना भेटत नाही, आणि ज्याच्यासाठी काम करते त्या दुकानदाराला तिने कधी पाहिलेले नसते. घरातली बंधने आणि बाजाराचा नफा किती सहज हातात हात घालून चालतात याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

या साखळीत शेवटी ओढली जाते ती मुलगी. ऑर्डर तातडीची असली की आईच्या शेजारी अड्ड्यावर दहा-बारा वर्षांची मुलगी बसते. बारीक बोटे, तेज नजर. २०१६ साली बालकामगार कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली, पण शाळा सुटल्यावर आणि सुटीत कुटुंबाच्या उद्योगात, तो धोकादायक नसेल तर, मदत करायला मोकळीक राहिली. ठेकेदाराचे काम घरात चालले असेल तर तो कुटुंबाचा उद्योग म्हणायचा की ठेकेदाराचा? कागदावर तो कुटुंबाचा ठरतो, आणि मुलीचा अभ्यासाचा वेळ बिनबोभाट मखमलीवर जातो. आईला नफरीने दाम मिळाला तर मुलीला अड्ड्यावर बसवण्याची गरज कितीतरी कमी होईल. मुलींच्या शिक्षणाच्या मोहिमा चालवताना आपण हा धागा धरायला हवा.

मान मिळाला, मजुरीचे काय?

या कलेसाठी सरकारने काहीच केले नाही असे नाही. २०१३ साली 'लखनौ जरदोजी'ला भौगोलिक निर्देशांक मिळाला. २०१८ पासून उत्तर प्रदेश सरकारच्या 'एक जिल्हा एक उत्पादन' योजनेत बरेली, उन्नाव, बदायूँ यांसारख्या जिल्ह्यांसाठी जरी-जरदोजीची निवड झाली. त्यातून प्रदर्शने, कर्जे, अवजारांचे संच मिळतात. हे स्वागतार्हच आहे. पण भौगोलिक निर्देशांक नावाचे आणि जागेचे रक्षण करतो. दुसऱ्या गावच्या मालावर लखनौचे नाव लावता येणार नाही एवढे तो सांगतो. लखनौतल्याच एखाद्या गल्लीत बाईला काय दर मिळावा, याबद्दल तो काही बोलत नाही. कर्ज आणि प्रदर्शनाचा लाभही ज्याच्याकडे नोंदणी, बँक खाते आणि माल ठेवायला जागा आहे अशालाच आधी मिळतो. नगावर काम करणारी बाई त्या रांगेत पोचत नाही.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये ई-श्रम नोंदणी सुरू झाली. आजवर तीस कोटींहून अधिक असंघटित कामगारांनी नावे नोंदवली, आणि त्यांत स्त्रिया निम्म्याहून जास्त आहेत. २००८ च्या असंघटित कामगारांच्या कायद्यात 'घरी राहून काम करणारा कामगार' अशी व्याख्या आली, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. ही संहिता इतर तीन कामगार संहितांबरोबर २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पण या व्याख्येतून बाईला योजनेचा लाभार्थी होता येते. तिचा मालक कोण हे ठरत नाही. ज्या कामाला मालकच नाही, त्याची मजुरी मागायची कुणाकडे?

साध्या लग्नाचा आग्रह आणि तिची चूल

इथे आपल्याला एका अडचणीच्या प्रश्नाला सामोरे जावे लागते. आपण साध्या लग्नाचा पुरस्कार करतो. समजा उद्या सगळ्यांनी तो मानला, तर या बायकांच्या कामाचे काय? २०२० च्या टाळेबंदीत लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली. ज्या खर्चाला आपण नावे ठेवतो तो एका फटक्यात आटला, आणि त्याबरोबर जरीच्या कामाच्या ऑर्डरीही थांबल्या. ज्या घरांत अड्डा होता त्या घरांची चूल त्या खर्चावर पेटत होती, हे त्या वर्षी उघड झाले.

म्हणून साधेपणाचा आग्रह सोडायचा का? मुळीच नाही. मुलीच्या बापाने कर्ज काढून मखमल घ्यावी, मानपानात वराकडच्या चार जणांना शेरवान्या द्याव्यात, आणि हे 'हौस' या नावाखाली खपावे, हा हुंड्याचाच एक सभ्य चेहरा आहे. १९६१ चा हुंडाबंदी कायदा असताना हे चालते. त्याला विरोध करायचाच. पण विरोध जबरदस्तीला आणि कर्जाला असावा. सुंदर कापडाला नको, आणि ते घालावेसे वाटणाऱ्या मुलीला तर मुळीच नको. आयुष्यात एकदा तरी आपल्यावर सगळ्यांच्या नजरा असाव्यात असे तिला वाटते. वर्षभर जिच्याकडे कुणी पाहत नाही, तिला तसे वाटणे साहजिक आहे. तिला टोमणे मारून आपण फक्त तिला आपल्यापासून दूर करतो. त्यापेक्षा तिला टाके घालणाऱ्या बाईची ओळख करून द्यावी. मला वाटते, मुलींना ही गोष्ट लवकर समजते.

दुसऱ्या एका टोकाचाही उल्लेख करायला हवा. जरदोजीचे काम करणारे बहुसंख्य कारागीर आणि बायका मुसलमान आहेत. गेल्या काही वर्षांत 'अमक्यांकडून माल घेऊ नका' अशी आवाहने सणासुदीला आणि लग्नसराईत फिरतात. अशा आवाहनाने मोठ्या दुकानदाराचे फारसे बिघडत नाही, तो पाटी बदलतो. घाव बसतो तो नगावर काम करणाऱ्या बाईवर. तिचा दर आणखी खाली येतो, कारण तिला नाही म्हणण्याची सोयच उरत नाही. लग्नाचा पोशाख हा आपल्या समाजातल्या फार जुन्या देवाणघेवाणीचा भाग आहे. ती देवाणघेवाण न्याय्य व्हायला हवी. ती तोडणे हा उपाय नव्हे.

विडी कामगार बायकांनी दाखवलेली वाट

घरी काम करणाऱ्या बाईचा मालक ठरवता येत नाही, हे म्हणणे नवे नाही. विडी कारखानदारही तेच म्हणत होते. पाने आणि तंबाखू आम्ही देतो, विड्या ती घरी वळते, मग आम्ही तिचे मालक कसे? १९६६ च्या विडी आणि सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानले. कारखानदार न्यायालयात गेले. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. पुढे १९८५ मध्ये याच न्यायालयाने घरी विड्या वळणाऱ्यांना भविष्य निर्वाह निधीचा हक्क आहे असे सांगितले. त्या निकालातला मुद्दा आपण पाठ करून ठेवावा असा आहे. तयार माल नापास करण्याचा अधिकार ज्याच्या हातात आहे, त्याचे त्या कामावर नियंत्रण आहे असे न्यायालयाने मानले. मखमलीचा तुकडा परत फेकणाऱ्या ठेकेदाराला आणि त्याच्यामागच्या व्यापाऱ्याला हाच न्याय लावला तर?

या मान्यतेतून काय मिळू शकते ते सोलापूरला जाऊन पाहावे. तिथल्या विडी कामगार बायका संघटित झाल्या, ओळखपत्रे मिळाली, आणि त्या बळावर कुंभारी इथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. घर त्या बायकांच्या नावावर. विडीच्या धंद्याचे पुढे काय व्हावे हा वेगळा प्रश्न आहे. पण 'घरात बसून करते, तिला कसली कामगार म्हणायची' या वाक्याला या घरांनी उत्तर दिलेले आहे.

दुसरा अनुभव हमाल-माथाड्यांचा. आज या पेढीवर, उद्या त्या, असा ज्यांना एक ठरलेला मालक नव्हता, त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्या संघटनांनी तो लढून मिळवला आणि टिकवला. व्यापाऱ्यांनी मंडळात नोंदणी करायची, मजुरी आणि तिच्यावर ठराविक टक्के लेव्ही मंडळात भरायची, आणि त्यातून कामगाराला भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस मिळायचा. मालक अनेक असले तरी जबाबदारी ठरवता येते हे या कायद्याने दाखवले. घरी काम करणाऱ्या बायकांसाठी असे मंडळ का असू नये? भरजरी कपड्यांच्या प्रत्येक व्यापाऱ्याने आणि डिझायनरने त्यात नोंदणी करावी आणि बाहेर दिलेल्या कामावर लेव्ही भरावी.

नगाच्या कामाला किमान दर ठरवता येतो. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात तशी तरतूद होती आणि आताच्या वेतन संहितेतही आहे. किमान वेतनाहून कमी मजुरीत काम करून घेणे म्हणजे वेठबिगारी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात म्हटले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली घरबसल्या कामाविषयीचा १७७ क्रमांकाचा करार केला. घरी काम करणाऱ्याला इतर पगारी कामगारांच्या बरोबरीची वागणूक मिळावी असे तो सांगतो. त्यासाठी अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेने, इला भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढाकार घेतला होता. ज्या देशातल्या बायकांनी ही मागणी जगापुढे नेली, त्या भारताने या कराराला अजून मान्यता दिलेली नाही.

आपण काय करू शकतो

पहिले काम हिशेबाचे. ज्या वस्तीत असे काम चालते तिथल्या गटाने पाच-सहा बायकांना एक साधी वही द्यावी. काम कुणाकडून आले, कोणता नग, किती वाजता बसली, किती वाजता उठली, सुई-दोऱ्याला नि विजेला किती गेले, पैसे किती आणि कधी मिळाले. जिला लिहिता येत नाही तिची मुलगी लिहील. समजा, एका ओढणीला तीस तास लागले आणि पाचशे रुपये मिळाले, तर ताशी सतराही पडत नाहीत. हा आकडा तिने स्वतः काढला की 'बैठे-बैठे करते हैं' हे वाक्य तिच्या तोंडून पुन्हा निघत नाही. अशा वह्या म्हणजे कामगार खात्यापुढे ठेवायचा पुरावा आहे.

दुसरे, दर एकमेकींना सांगावेत. एका गल्लीत बाहीला काय मिळते ते दुसऱ्या गल्लीला कळत नाही, यावरच ठेकेदार जगतो. बचत गटाच्या बैठकीत महिन्यातून एकदा नुसते दर वाचून दाखवले तरी फरक पडतो. बायकांना घराबाहेर पडायला गटाचे निमित्त चालते. ते निमित्त बचतीपुरते ठेवू नये.

तिसरे, काम देणाऱ्याकडून चिठ्ठी मागावी: तारीख, नग, दर, सही. सुरुवातीला तो नकार देईल, काम बंद करण्याची धमकी देईल. म्हणून ही मागणी एकटीने करू नये. वीस जणींनी मिळून करावी, आणि ऐन लग्नसराईत करावी. तेव्हा त्याला काम थांबवणे परवडत नाही.

चौथे, ग्राहक म्हणून आपण. आपल्यातल्या कितीतरी जणी शहरात नोकऱ्या करतात, घरच्या लग्नाचा बस्ता बांधतात. दुकानात तीन प्रश्न विचारावेत. हे काम कुठे झाले? कुणी केले? त्याला किती नफऱ्या लागल्या आणि काय दर दिला? दुकानदाराला उत्तर ठाऊक नसेल. पण दहा गिऱ्हाइकांनी विचारले की त्याला ते शोधावे लागेल. घासाघीस करतानाही लक्षात ठेवावे, आपण कमी करून घेतलेले हजार रुपये दुकानदाराच्या नफ्यातून जात नाहीत. पुढच्या वेळी ते नगाच्या दरातून जातात. कपडा भाड्याने घेतला तर उत्तमच, पण हे प्रश्न तेव्हाही विचारता येतात.

पाचवे, मागण्या एकत्र मांडाव्यात: जरी आणि भरतकामाच्या नगाला वेळेच्या हिशेबाने किमान दर, माथाडीच्या धर्तीवर मंडळ आणि लेव्ही, बाईच्या स्वतःच्या नावाचे ओळखपत्र, आणि १७७ व्या कराराला मान्यता. कामगार संघटनांनी या बायकांना आजवर फारसे आपले मानले नाही, कारण त्या कारखान्याच्या फाटकावर दिसत नाहीत. त्यांच्या दारापर्यंत आपण जातो. आरोग्याच्या, कौटुंबिक हिंसेच्या, रेशनच्या कामासाठी आपण त्या घरांत गेलेलो आहोत, भिंतीला उभा केलेला अड्डा आपण पाहिलेला आहे. आता त्या अड्ड्यावर बोलायला हवे.

पुढच्या अंकासाठी ज्या गटांकडे अशा वह्या, दर आणि अनुभव असतील त्यांनी ते जरूर पाठवावेत. मखमलीचेच काम असायला हवे असे नाही. मणी, टिकल्या, गोंडे, साडीचे फॉल, जे काही बाई घरी बसून दुसऱ्यासाठी करते ते सारे यात येते. चार जिल्ह्यांतले दर एका पानावर शेजारी शेजारी छापले, तर कामगार खात्याशी आपले पहिले बोलणे त्या पानावरूनच सुरू करता येईल.